मी सूर्य अडवला त्याची हकीकत

तीर्थस्वरूप दादांना,

साष्टांग नमस्कार. (आठांपैकी दोन अंगं, म्हणजे दोन्ही गुडघे, सध्या कामावर नाहीत. तेव्हा सहांवर भागवून घ्यावं.) तुमचा खोकला कसा आहे? वहिनींच्या दाताचं काय झालं? दात काढायचा की ठेवायचा यावर घरात एकमत होत नाही असं तुम्ही लिहिलं होतंत. दात त्यांचा असताना तुमचं मत कशाला लागतं हे मला कळलं नाही, पण तुम्ही थोरले, तुम्ही म्हणाल ते खरं. आम्ही इकडे सुखरूप आहोत. म्हणजे असं मी म्हणतो. तुमची भावजय काय म्हणते ते सांगता येत नाही, कारण डोंगरावरून परत आल्यापासून ती माझ्याशी एक अक्षर बोललेली नाही. घरात बोलणं चालू आहे, पण ते भांड्यांशी. सकाळी चहा झाला की ती किटलीला सांगते की ज्याला हवा असेल त्याने ओतून घ्यावा. काल नळाला म्हणाली की काही माणसांना घटकाभर हात बांधून बसता येत नाही. नळ बिचारा गळतोय. मी पाना घेऊन उठलो, तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पाना होता तिथे ठेवून दिला. माझ्या घरात नळ गळतो आहे आणि मी पत्र लिहीत बसलो आहे, यावरून प्रकरण कुठवर गेलंय ते तुमच्या लक्षात येईल.

मुळापासून सांगतो. ही शाळेत भूगोल शिकवायची हे तुम्हाला ठाऊकच आहे. डोंगरमाथ्यावर त्या प्राचीन नगराचे अवशेष आहेत, त्यांचा धडा तिने नोकरीभर शिकवला. तिथल्या एका दगडी खोलीत वर्षातल्या मोजक्या सकाळी उगवत्या सूर्याचा एकच किरण आत शिरतो आणि समोरच्या भिंतीतल्या वाटीएवढ्या खळग्यात जाऊन बसतो. हे चित्र ती फळ्यावर काढायची, किरण पिवळ्या खडूने. (पिवळा खडू दुसऱ्या कशालाच वापरू द्यायची नाही. मुख्याध्यापकांनी एकदा मागितला, तर संपला म्हणून सांगितलं.) पण प्रत्यक्षात तिने तो किरण कधी पाहिला नव्हता. कधी परीक्षा आड आल्या, कधी आईचं दुखणं, कधी माझी कुणाची तरी भिंत अर्धी राहिलेली. यंदा निवृत्त झाली. शेवटच्या तासाला एका मुलीने विचारलं की बाई, तुम्ही पाहिलात तेव्हा तो किरण कसा दिसत होता? घरी आली आणि पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणाली, "मला तो किरण बघायचाय." दादा, हिने माझ्याकडे कधी दागिना मागितला नाही, मोठं घर मागितलं नाही (मागितलं असतं तर ते मलाच बांधावं लागलं असतं). गवंड्याच्या संसारात इतकी वर्षं काढून मागितलं ते एवढंच. मी म्हटलं, जाऊ.

आदल्या दिवशी डोंगराच्या पायथ्याशी मुक्काम केला. खोली तशी बरी होती, पण बांधणारा ओळंबा घरी विसरून आला असावा. दार लावलं की आपोआप उघडायचं, टेबल लंगडायचं आणि खिडकी वाऱ्याने दात वाजवल्यासारखी वाजायची. मी टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली, दार आतून अडवलं आणि खिडकीच्या चौकटीत लाकडाची पाचर ठोकली. ही अंथरुणातून म्हणाली, "अहो, आपण इथे राहायला आलोय, डागडुजीला नाही." झोप मात्र पहिल्यांदा तिलाच लागली. पहाटे लॉजवाला किल्ली घ्यायला आला आणि खोलीत हवा यावी म्हणून खिडकी उघडायला गेला. ती उघडेना. त्याने खांदा लावला, मग पाय लावला. आम्ही निघालो तेव्हा तो आतून ढकलत होता आणि त्याची बायको बाहेरून ओढत होती. (यातून मी काही बोध घ्यायला हवा होता. मी समाधान घेतलं.)

चढणीबद्दल फार लिहीत नाही. बूट नवे होते. दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की हे बूट डोंगर आपले आपण चढतात. चढले असतील, पण आत माझे पाय आहेत याची त्यांना कल्पना नसावी. मिट्ट काळोखात ही पुढे आणि मी मागे. मुलांच्या सहली नेऊन नेऊन तिला चढता चढता शिकवायची सवय लागली आहे. सूर्य कुठून कुठे सरकतो, किरण नेमका कुठून येतो, सगळं ती सांगत होती आणि मी "हो, हो" म्हणत होतो. तो होकार नव्हता दादा, ती धाप होती. त्यामुळे भिंतीतल्या फटीचा जो मुख्य भाग, तो माझ्या कानावरून गेला. माझी समजूत अशी की सूर्य दारातून येत असेल. एवढा मोठा गृहस्थ, फटीतून कशाला येईल?

पुढची जागा मिळावी म्हणून आम्ही सगळ्यांच्या आधी वर पोचलो. जाड भिंती, वर सपाट शिळांचं छत, दार बाजूला. ही खळग्यासमोर अंग चोरून बसली. बॅटरी लावायची नाही असं तिने बजावलं होतं, डोळे अंधाराला सरावले पाहिजेत म्हणे. मी भिंतीवरून हात फिरवला (बघायला मिळालं नाही तर आपण गवंडी हाताने बघतोच) आणि खरं सांगतो, ऊर भरून आला. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड, आणि सांध्यात नख जाईना. असं बांधणाऱ्यांच्या पाया पडावं. तेवढ्यात हिला शिंक आली. मग दुसरी. तिच्या पाठीमागच्या भिंतीला एक उभी फट होती आणि डोंगरावरचा सगळा वारा तेवढ्या वाटेने नेमका हिच्या मानेवर येत होता. मी फट चाचपली. मनात म्हटलं, एवढं देखणं काम, आणि इथला दगड निसटलाय, कुणाचं लक्ष नाही.

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. मी हळूच बाहेर गेलो, तिथे सुटे दगड पडलेच होते. हाताने चाचपत एक उचलला, दुसरा उचलला, तिसरा बरोब्बर मापाचा निघाला. मोठा खाली, धाकटा उजव्या अंगाला, आणि कोपऱ्यात कपची तिरकी घालून वर दगडानेच दोन ठोके. वारा बंद. आतून हिचा आवाज आला, "वारा पडला वाटतं. बरं झालं बाई." किरण पाहून झाला की मग सांगू, म्हणजे एका सकाळी दोन आनंद होतील, असं मी ठरवलं.

मग गाईड बाकीची मंडळी घेऊन आला. खोली भरली. त्याने आवाज खाली आणून सांगितलं की आता कुणी बोलू नका, खळग्यावरून नजर हलवू नका. आम्ही हलवली नाही. बाहेर पाखरं बोलू लागली, दारात उजेड आला, आमच्या खळग्यात मात्र ठणठणपाळ. गाईड म्हणाला, धुकं असेल. दारातल्या माणसाने मान बाहेर काढून सांगितलं की आभाळ लख्ख आहे. गाईड म्हणाला, सूर्य कधी कधी उशीर करतो. कॅमेरावाले एक गृहस्थ म्हणाले की आजवर तशी त्याची तक्रार ऐकलेली नाही. मग गाईडने वळून भिंतीकडे पाहिलं. फट नाही! बिचाऱ्याचा चेहरा पाहवेना. तसल्या खोल्या तिथे ओळीने आहेत आणि खळगा प्रत्येकीत आहे. आपणच चुकीच्या खोलीत आलो असं वाटून तो सगळ्यांना घेऊन शेजारच्या खोलीत धावला, तिथून पलीकडच्या. सगळी माणसं या दारातून त्या दारात पळत होती, आणि सूर्य शांतपणे वर निघून गेला.

ही पळाली नाही. जागेवरून उठली, चष्मा पुसला आणि वळसा घालून बाहेरून भिंतीपाशी गेली. धाकटा दगड उजवीकडे, कपची तिरकी, ही माझी खोड तुम्हाला माहीत आहे (तिच्यावरून तुम्ही मला किती बोललात!). आमच्या अंगणाची भिंत तशीच आहे, ही रोज तिच्यावर कपडे वाळत घालते. तिने एका नजरेत ओळखलं. गाईड घामाघूम होऊन परत आला तेव्हा मला वाटलं, आता ही सांगणार. पण ती एवढंच म्हणाली, "आमचं नशीब, दुसरं काय." मला तिने चारचौघांत झाकलं, दादा. दोन शब्द सुनावले असते तर मी हलका झालो असतो. त्यानंतर ती बोललेलीच नाही.

मी गप्प बसलो असं समजू नका. दुसऱ्या दिवशी एकटाच वर गेलो, उजाडायच्या आत दगड काढायचा म्हणून. तो हलेना. बोटं घालावीत तर जागा नाही. पाय लावून ओढत असतानाच पाठीमागून शिट्टी वाजली. नव्यानेच नोकरीला लागलेला पहारेकरी. म्हणाला, "काका, या वयात चोरी?" मी म्हटलं, बाबा रे, हा दगड कालच मी बसवलाय. त्याने बॅटरी टाकून सांधा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि मला हाताला धरून खाली बसवलं. मग आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं आणि समजावलं की उंचीवर हवा विरळ असते, वयस्कर माणसांना असे भास होतात, फटीची खोली दुसरीकडे असेल, आणि हे काम हजारो वर्षांपूर्वीचं आहे, आजकाल असं कुणाला जमतं का? मी भांडायला हवं होतं. पण तोंडातून "खरंच तसं दिसतं का?" एवढंच निघालं.

तर अशी आमची सहल झाली. बाकी सर्व क्षेम. हवा बदलल्याने माझी भूक वाढली आहे. वहिनींना नमस्कार सांगावा आणि दात शक्यतो ठेवावा.

तुमचा आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. पत्र लिहिण्याचं कारण राहिलंच. सूर्य टोकापर्यंत जाऊन परत फिरतो, आणि फिरताना पुन्हा काही सकाळी त्याच जागी उगवतो असं गाईड म्हणाला होता. ते दिवस जवळ आले आहेत. तेव्हा तुम्ही आपली बारीक पहार घेऊन यावं. मी पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतवतो, तुम्ही दगड काढा. हिला तो किरण दिसल्याशिवाय या घरात मला घास गोड लागायचा नाही.

पुन्हा ता. क. दगड उपटण्याआधी तुम्ही दिवसाउजेडी त्या सांध्याकडे एकदा नीट पाहावं. घाई नाही. लोक तिथे तिकीट काढून येतात, दादा. तुम्ही आणि मी बांधलेलं आजवर कुणी तिकीट काढून पाहिलंय? वाटल्यास या वर्षी राहू दे, पुढच्या वर्षी काढू.

शेवटची ता. क. पाकिटाला डिंक लावत होतो, तेवढ्यात हिने पत्र ओढून घेतलं आणि उभ्या उभ्या वाचलं. लाल शाईने शुद्धलेखन सुधारलं (तुम्हाला दिसेलच). वरची ता. क. वाचून तिने चष्मा काढून ठेवला. मग खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, "अहो, एक गवंडी वर गेला तर किरण अडला. दोघे गेलात तर उजाडायचंच नाही." दादा, ती बोलली! माझ्याशी बोलली! मला इतकं बरं वाटलं की मी तिला पुन्हा म्हणायला लावलं. तिचा निरोप असा आहे की तुम्ही मुळीच येऊ नये आणि मी पायथ्याशी हाताची घडी घालून बसावं. पहारेकऱ्याशी ती बोलेल, तसले तिने बाकावर उभे केलेले आहेत. वहिनींना मात्र ताबडतोब पाठवा, आणि पहार त्यांच्याच हाती द्या.