अडकलेला जिराफ आणि न उठणारा कॉम्प्युटर

आदरणीय विहीणबाईंना,

आपल्या नातीच्या दुसऱ्या आजीचा (पहिली कोण, यावर आज वाद नको) सविनय नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? माझे बरे आहेत; हे स्पर्धा म्हणून नाही, माहिती म्हणून लिहिलं. व्याह्यांचा खोकला थांबला असेल; नसेल तर त्यांना बोलणं कमी करायला सांगा. आमच्या ह्यांनाही मी तेच सांगते, आणि त्यांना तर खोकलाही नाही. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर आपण दोघी एकदमच बोलतो आणि शेवटी कुणालाच काही कळत नाही. पत्रात तुम्हाला मध्ये बोलता येत नाही, म्हणून पत्र.

तर कॉम्प्युटर. दर रविवारी मी व्हिडिओ कॉलवर आपल्या पिटुकलीला त्या भाड्याची खोली शोधणाऱ्या जिराफाची गोष्ट सांगते, ती तुम्हीही शेजारी बसून ऐकता (ऐकत नसल्याचं दाखवत भाजी निवडता, पण कॅमेऱ्यात सगळं दिसतं). गेल्या भागात जिराफाची मान छताच्या झरोक्यात अडकली आणि मी म्हटलं, आता पुढच्या रविवारी. चित्रं मी माउसने काढते, ती सगळी त्या कॉम्प्युटरातच. आणि चित्राशिवाय ती गोष्ट ऐकत नाही, हे मी तुम्हाला काय सांगणार! सोमवारी बटण दाबलं तर आतला पंखा घुरघुरला, पीं पीं पीं झालं, आणि पडदा काळाच. वायर काढून पुन्हा लावली, दुसऱ्या सॉकेटला लावली, पडद्याचीही वायर बदलली. पीं पीं पीं. त्यात सूनबाई फोनवर म्हणाली, की पिटुकली झोपताना विचारते, जिराफाची मान दुखत असेल का गं? आता सांगा, मी स्वस्थ कशी बसणार?

आमचे हे म्हणाले, "जुना झालाय, काढून टाकावा आता." त्या वेळी ते कॉम्प्युटरकडे बघत होते की माझ्याकडे, हे मी मुद्दाम पाहिलं नाही. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवला, डोळे मिटले, आणि डॉक्टर घरच्यांना बाहेर घेऊन सांगतात तशा आवाजात ह्यांना म्हणाला, "मदरबोर्ड गेला. दुकानात न्यावा लागेल. आतलं काही राहील याची खात्री नाही." कॉम्प्युटर माझा, चित्रं माझी, आणि हा सांगतोय ह्यांना! मी म्हटलं, "चहा घ्या आणि या." मग मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "आई, तू काहीही उघडू नकोस." म्हणून आधी स्क्रू ड्रायव्हर शोधला.

विहीणबाई, आत काय होतं म्हणून सांगू! धूळ. उशी भरता आली असती इतकी. (तुमच्याकडे धूळ नसते हे मला माहीत आहे, पण एकदा डबा उघडून बघा.) फडकं घेऊन सरसावले तर हे ओरडले, "हात लावू नकोस, शॉक बसेल!" वायर मी आधीच काढली होती, पण ते खुर्चीतून उठले हीच मोठी गोष्ट. उठलेच आहेत तर हातात सायकलचा पंप दिला. त्यांनी अशी काही हवा मारली की निघाली तेवढी धूळ त्यांच्याच चष्म्यावर. तोवर मुलानेही हात टेकले होते. तो मुकाट्याने फोनवर सांगू लागला: रॅमची पट्टी काढ, तिची पिवळी कडा खोडरबरने हलकेच पुस, परत बसव. पट्टी निघाली. खोडरबर मात्र हे मला देईनात, मीच पुसतो म्हणाले (शब्दकोड्यात ते इतकं खोडतात की हात बसलेला आहे). मग पट्टी जागेवर जाईना. "मोडेल!" हे म्हणाले. "मोडेल!" फोनमधून मुलगा. मी दोन्ही अंगठे टेकवले आणि जीव खाऊन दाबलं. टक्! तो आवाज पट्टीचा की अंगठ्याचा, हे कळायला एक क्षण लागला.

बटण दाबलं. एकच पीं, आणि पडदा उजळला! ह्यांनी टाळ्या वाजवल्या, मी जमिनीवर बसकण मारली. पण कॉम्प्युटर लागला तरी इंटरनेट काही लागेना. बघते तर आतला छोटा सेल संपलेला, आणि त्यामुळे तारीख पार कित्येक वर्षं मागे गेलेली. त्याच्या हिशेबाने आपली मुलं अजून एकमेकांना भेटलीसुद्धा नव्हती. तुम्ही कोण आणि मी कोण! ह्यांनी (थट्टेत, असं त्यांचं म्हणणं) विचारलं, "राहू द्यायची का तशीच?" मी सेल बदलला, तारीख दुरुस्त केली, तेव्हा कुठे पुन्हा तुमची विहीण झाले.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. रविवारी ऐटीत चित्र उघडलं, तर पिटुकली म्हणते, "आजी, तो तर कधीच सुटला! आग विझवणारे आले, शिडी लावली आणि त्याच्या मानेला साबण लावला." साबण, विहीणबाई? माझ्या जिराफाला, मला न विचारता? पोरीला झोप लागावी म्हणून केलंत, हे सूनबाईने सांगितलं, आणि ते मला पटतंही. पण इकडे माझे अंगठे अजून सुजलेले आहेत. असो. राग नाही. व्याह्यांना नमस्कार, पिटुकलीला पापा.

तुमची,
विहीण

ता. क. : मान कशी सोडवायची, हे मलाही सुचलेलं नव्हतं. कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा मनात पहिल्यांदा आलं ते "बरं झालं!" हे फक्त तुम्हाला लिहिते आहे.

आणखी एक ता. क. : येत्या रविवारी पिटुकलीच्या शेजारी नीट समोर बसा. मी लाल बंब काढलाय, शिडीही काढलीय. तिचं म्हणणं, आग विझवणाऱ्यांच्या साहेबाचा आवाज फक्त तुम्हालाच काढता येतो. (ह्यांच्याकडून करून घेऊन पाहिला; दुरुस्तीवाल्यासारखा आला.) आणि सुटल्यावर जिराफ कुठे राहायला जातो, तेवढं मात्र शनिवारच्या आत कळवा. मला त्याचं घर काढायचं आहे. कुठेही पाठवा, फक्त छत उंच असू द्या.