टेबल तीनचे पाच सेकंद

मंचर,
ता. ३ जानेवारी २०२६

आदरणीय रविंद्रमामा यांस,
प्रज्ञाचा सप्रेम जयभीम. वि. वि. फोनवर तुम्ही म्हणालात की पोरीबाळींशी असा वाद घालत नसतो, काय असेल ते लिहून दे. लिहिते.

१. रविवारी, ता. २८ डिसेंबरला, शाळांच्या प्रश्नमंजुषेची दुसरी फेरी टीव्हीवर दाखवली.
२. शेवटचा प्रश्न होता, विजेचा रोध कोणत्या एककात मोजतात.
३. टेबल तीनचा, म्हणजे तुमच्या शाळेचा दिवा आधी लागला. बटण प्रतीक्षाने दाबलं होतं.
४. सूत्रसंचालक ‘टेबल तीन’ म्हणाला. प्रतीक्षा उठली आणि हाताची घडी घालून उभी राहिली.
५. पाच सेकंद ती बोलली नाही. घंटा झाली. शेजारच्या टेबलाने ‘ओहम’ सांगून गुण घेतले.
६. तुमची शाळा दुसरी आली. दुसऱ्या आलेल्यांना १८ तारखेला आणखी एक संधी आहे.
७. त्या संधीसाठी तुम्ही प्रतीक्षाचं नाव काढून प्रबुद्धचं घातलं.

प्रबुद्ध तुमचा मुलगा आहे हे मुद्द्यांत घातलं नाही. ते सगळ्या बेल्ह्याला माहीत आहे.

रोध ओहममध्ये मोजतात हे माझ्या बहिणीला सहावीपासून ठाऊक आहे. माझं मीटर हातात घेऊन तिने घरातला एकही दिवा सोडला नव्हता. ते पाच सेकंद मी अकरा वेळा पाहिले. ती घाबरलेली दिसत नाही. ती सूत्रसंचालकाकडे बघतच नाही, डावीकडे बघते. डावीकडे काय होतं ते पडद्यावर येत नाही. इथे दूध शीतकरण केंद्रात एखादं यंत्र थांबलं तर मी ते लगेच बदलत नाही, आधी का थांबलं ते बघते. तुम्ही तिला कारण विचारलं होतं का?

मामींना जयभीम. राग मानू नये, मानलाच तर कळवावा.
आपली भाची,
प्रज्ञा


बेल्हे,
ता. ६ जानेवारी २०२६

चि. प्रज्ञा हीस,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, पोलिसांचा पंचनामाच तो. फक्त खाली दोन पंचांच्या सह्या तेवढ्या राहिल्या. तुझ्या मामीला वाचून दाखवला, तर ती म्हणाली, हिला सासर कोण देणार.

तू दुधाच्या टाकीचे काटे बघणारी, तुला लेकरांतलं काय कळणार? एकवीस वर्षं मी वर्ग सांभाळतो. माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते. मी ‘सांग’ म्हटल्याशिवाय एक पोर तोंड उघडत नाही. शूटिंगला आलेली पुण्याची माणसंही म्हणाली की सर, एवढी शिस्तीची मुलं बघितली नाहीत. आणि तुझी बहीण ऐन वेळेला बाजारातल्या म्हशीसारखी नुसती उभी. परवा बैलबाजारात भिमाजी व्यापाऱ्याने चार माणसांत विचारलं, “मास्तर, तुमची भाची बोलती का न्हाई?” माझी मान खाली गेली. कारण काय विचारायचं त्यात? भ्याली.

येडगावला अभ्यास होत नाही म्हणून तुझ्या आईने, साळुअक्काने, पोरगी माझ्याकडे ठेवली, मी लेकीसारखी ठेवली. तेव्हा तुला मुद्दे सुचले नाहीत. प्रबुद्धचं नाव राखीव म्हणून पहिल्यापासून होतं, ते मी कालपरवा घुसडलेलं नाही. शाळेची अब्रू पुन्हा पुन्हा पणाला लावता येत नाही. शुक्रवारी १६ तारखेला यादी जाईल.

तब्येतीला जप, जेवत जा. डोकं थंड ठेव, तुझ्या केंद्रात सोय आहेच.
तुझा मामा,
रविंद्र


बेल्हे,
ता. ८ जानेवारी २०२६

प्रिय ताई,
जयभीम. हे पत्र मामांना न सांगता लिहितेय. मामांनी तुझं पत्र मोठ्याने वाचलं तेव्हा मी भाकरी खात होते. नंतर खाल्ली नाही.

तू फोनवर कारण विचारलंस तेव्हा मामा जवळ होते, म्हणून आता सांगते. मामा पहिल्या रांगेत, डाव्या बाजूच्या खुर्चीवर होते. उत्तर मला येत होतं. पण सूत्रसंचालक नुसतं ‘टेबल तीन’ म्हणाला, ‘सांग’ म्हणालाच नाही. वर्गात न विचारता बोललं की मामा तासभर बाहेर उभं करतात, त्यात घरचं-परकं काही नाही. पहिल्या फेरीत आमच्या टेबलावरची संस्कृतीच बटण दाबायची, ती शहरातून आलेली, ती बोलून टाकते. मला नाही जमलं. मी मामांकडे बघत राहिले. त्यांनी ‘सांग’ अशी मान हलवली, पण तेव्हाच घंटा झाली.

प्रबुद्ध म्हणतो, त्याला जायचंच नाही, विज्ञानात त्याला काही येत नाही. पण हे तो मामांना सांगू शकत नाही. मामा ‘सांग’ म्हणत नाहीत.

तू भांडू नकोस. पण ताई, मला जायचंय.
तुझीच,
प्रतीक्षा


मंचर,
ता. ११ जानेवारी २०२६

आदरणीय मामा,
सप्रेम जयभीम. टपालाला दिवस जातील, म्हणून हे पत्र बेल्ह्याकडे येणाऱ्या टँकरवाल्याच्या हाती देते.

कारण मी स्वतः विचारलं. प्रतीक्षा भ्याली नव्हती. ती तुमच्या परवानगीची वाट बघत होती. तुम्ही मान हलवलीत, म्हणजे ती कशासाठी थांबली आहे हे त्या सभागृहात एकट्या तुम्हाला कळलं होतं. तरी दोन आठवडे तुम्ही बेल्ह्याच्या बाजाराला वेगळंच सांगत आहात. शिस्तीचं कौतुक झालं ते तुम्ही घेतलंत आणि त्याच शिस्तीने गुण गेले ते एका नववीतल्या मुलीच्या नावावर टाकलेत. मी काटे बघते, खरं आहे. काटा चुकीचा दाखवतो तेव्हा तो कुणी तसा लावला तेही बघावं लागतं.

हे तुमच्या साळुअक्काच्या धाकट्या लेकीसाठी लिहीत आहे, तुम्हाला चारचौघांत खाली बघायला लावण्यासाठी नाही. भिमाजींना तुम्ही काय सांगता यात मला रस नाही. तिच्यावर रागावू नका. मी विचारलं म्हणून तिने सांगितलं. मार्गदर्शक म्हणून तुमचंच नाव राहू द्या, फोटोही तुमचाच छापू द्या. मला दोनच गोष्टी हव्या आहेत. एक, यादीत प्रतीक्षाचं नाव. दुसरी जरा जड जाईल, तरी लिहिते. १८ तारखेला तुम्ही बेल्ह्यातच थांबावं. मुलांना मी घेऊन जाईन. समोर तुम्ही बसलात तर ती पुन्हा तुमच्याकडेच बघेल, आणि उत्तर येत असूनही उभी राहील.

तुम्ही तिला लेकीसारखी ठेवलीत, हे मी विसरलेले नाही. या पत्राने त्यात उणं येऊ देऊ नका.

यादी शुक्रवारी जाणार आहे. दोन्ही गोष्टींचं हो किंवा नाही गुरुवारी, १५ तारखेला संध्याकाळपर्यंत कळवावं.

आपली,
प्रज्ञा