पोवळ्यातलं छिद्र

रांझी, मंगळवार, सप्टेंबर १९६५

सुट्टी रद्द झाल्याची तार आली आणि आमचा अविनाश सकाळच्या गाडीने पलटणीत परत गेला. बोटात नवी पोवळ्याची अंगठी. त्याचा मंगळ कडक, म्हणून हिचा हट्ट.

हिने निवडलेल्या पोवळ्याला बारीक छिद्र होतं. मी सराफाला म्हटलं, हे नाही चालत. फॅक्टरीत दिवसभर ओतीव माल तपासतो मी. छिद्र दिसलं की माल बाद. "कोई बात नहीं, बाबूजी," म्हणून तो हसला आणि गुळगुळीत पोवळं काढून दिलं. इतक्या खुशीनं काहून दिलं?

संध्याकाळी शेजारचे मास्तर आले, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. म्हणाले, "पोवळं समुद्रात जिवंत असते. झिंग्याच्या जातीचे इवलेसे जीव त्यात घर करतात, त्याच्यावरच जगतात. काही तर पोखरतात त्याला. छिद्र दिसलं तर खूश व्हावं. नकली पोवळं काचेचं असते. काचेत कोण राहायला जाते?"

काचेत! तो सराफ हसला काहून?

ही देवापाशी जप करून राहिली आहे. मघाशी म्हणाली, "बरं झालं, तुम्ही पारखून घेतलं. माझ्या भरवशावर तर छिद्राचंच गेलं असतं पोराच्या बोटात."

मी नुसतं "हो" म्हटलं.