गरजमापन-पट्टीतील सातव्या प्रश्नाबाबत व माझ्या मिळकतीबाबत

मी, क्वाक जे-दॉक, वय वर्षे ७८, समाजकार्याचा निवृत्त प्राध्यापक, राहणार यॉंगदो, बुसान, स्मरण व विवेक शाबूत असताना, कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहीत आहे. दडपण आणण्याइतके जवळचे कोणी घरात उरलेले नाही. पत्नी सुग-इम गेल्या फेब्रुवारीत वारली. आम्हांस अपत्य नाही.

१. राहते घर आमच्या चढावरच्या वस्तीत गृहभेटी देणाऱ्या समाजसेविकांच्या केंद्रास द्यावे. सुग-इम तेथे एकोणतीस वर्षे होती. चढण चढून आलेल्या बाईस बूट काढून घटकाभर बसता येईल, अशी जागा त्यांना कधीच मिळाली नाही.

२. तिच्या गृहभेटींच्या एकतीस वह्या न वाचता जाळाव्यात. त्यांतले सारे लोकांनी तिला सांगितले होते, विद्यापीठाला नव्हे. मीही त्या उघडलेल्या नाहीत. संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसतो, इतकेच.

३. ग्रंथसंग्रह विद्यापीठातील माझ्या विभागास द्यावा. सहकारी पांग यांनी माझ्या अंत्यविधीत बोलू नये. सुग-इमच्या वेळी ते पाऊण तास माझ्याच संशोधनावर बोलले.

४. माझ्या पाठ्यपुस्तकातील गरजमापन-पट्टीचा सातवा प्रश्न, 'कुटुंब मदतीची परतफेड करते काय?', माझ्या मृत्यूनंतर वगळावा. उत्तर 'होय' आल्यास गरजेचे तीन गुण कमी होतात. केंद्राने पट्टी प्रथम वापरली, त्या वर्षी ओक-पुन आजी सुग-इमने नेलेला जेवणाचा डबा कधीही रिकामा परत करीत नसत. कधी मुरवलेली पाने, कधी एखादा मुळा. त्यांची पट्टी मीच भरली व 'होय' नोंदवले. आजींचे नाव मदतीच्या यादीतून गेले, डबा बंद झाला. जानेवारीत त्या घरात मृत सापडल्या, मृत्यूनंतर नवव्या दिवशी.

सुग-इम म्हणाली, "अहो, डबा कुणी रिकामा पाठवतं का? तुमच्या आईने पाठवला कधी? एवढं शिकलात, नि म्हातारीची अब्रू तुम्हाला मिळकत वाटली!"

मी तिला नमुन्याच्या संख्येविषयी, एका घरावरून पट्टी चुकीची ठरत नाही वगैरे, सांगू लागलो. त्यानंतर बावीस वर्षे तिने माझ्यापाशी कामाचा विषय काढला नाही. प्रश्न मात्र नऊ आवृत्त्यांत कायम आहे. दुरुस्तीचे पत्र माझी विद्यार्थिनी प्राध्यापक प्यो ह्ये-जंग हिने प्रकाशकास द्यावे.

साक्षीसाठी मला दोन माणसे आठवेनात. तळमजल्यावरील भाजीवाल्या श्रीमती मा सून-दॉक यांनी सही करण्यापूर्वी हा मजकूर मला मोठ्याने वाचायला लावला.

"म्हणजे सर, तुम्ही मरेपर्यंत पोरं हेच शिकणार?"

"अशा गोष्टींना योग्य वेळ असते," मी म्हणालो.

"आणि शंभरी गाठलीत तर? तोवर म्हाताऱ्यांनी काय करायचं, उपाशी वाट बघायची? बायको गेली, आता कुणाला घाबरता एवढं?"



सबब कलम ४ मी रद्द केले असून तेथे माझा शिक्का उमटवला आहे. पत्र मी स्वतः लिहिले व दारी आलेल्या साक्षीदार क्र. २ यांच्या हाती आजच्या टपालात दिले. त्यासोबतच्या दुरुस्ती-अर्जात चूक निदर्शनास आणणाऱ्या व्यक्तीच्या रकान्यात प्यॉन सुग-इम हे पत्नीचे पूर्ण नाव घातले आहे, आणि चूक दाखवल्याची तारीख बावीस वर्षांपूर्वीची.

साक्षीदार :
१. मा सून-दॉक, भाजीविक्रेत्या (सही)
२. तो क्यॉंग-सू, पोस्टमन (सही)

क्वाक जे-दॉक (सही व शिक्का)
यॉंगदो, बुसान. १४ नोव्हेंबर २०१९