पंपाला बांधलेला पंचा

धुळे, ६ एप्रिल २०२५

चि. ज्योत्स्नास, अ. उ. आ.

फोन करत नाही, कारण फोनवर तू हसतेस आणि माझा मुद्दा वाहून जातो. पत्र वाचून हसलीस तरी मला ऐकू येणार नाही.

आबांच्या मागे मी जपलेली त्यांची गाडी बिघडली. पाडव्याला तुमच्याकडून निघालो तेव्हा ठणठणीत होती. पारोळ्यापर्यंत झकास पळाली. धुळ्यात पहिल्याच सिग्नलला ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि इंजिन थरथरून बंद! तेव्हापासून हेच. पळवली की पळते, उभी केली की मरते. प्लग साफ केले, पॉइंट घासले, आयडलचा स्क्रू पिळून पाहिला. चोक अर्धा ओढला तरच निमूट उभी राहते. ज्या चौकात मी सभा गाजवल्या, तिथेच लोक मागून हॉर्न वाजवतात आणि मी मान खाली घालतो.

आता मुद्दा. बॉनेट उघडलं तर इंजिनाच्या पेट्रोल पंपाला एक मळका पंचा करकचून बांधलेला! मी बांधलेला नाही. पाडव्याला जेवून लवंडलो होतो, तेव्हा बॉनेट आपटल्याचा आवाज ऐकला होता. आणि जेवताना तुझे योगराजराव दोनदा म्हणाले होते की ही गाडी भंगारात काढा. दोन अधिक दोन करायला पंचांग लागत नाही.

पंचा हिसकून काढला आणि पुरावा म्हणून ठेवला आहे. योगराजराव कबूल होईपर्यंत तुला अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, माहेरी आणायला मी मुऱ्हाळी म्हणून येणार नाही. तुझ्या लग्नापासून एकही आखाजी चुकलेली नाही, हे मला ठाऊक आहे. पण अन्यायापुढे कोणताही सण मोठा नाही.

तुझ्या लोभाविषयी शंका नाही. बाकी सगळ्यांविषयी आहे.

सुकदेव

जळगाव, ११ एप्रिल

ती. भाऊंना शि. सा. न.

हसले नाही. माहेरी यायची बॅग माळ्यावरून काढून ठेवली होती, तिच्याकडे पाहत बसले. आई असती तर म्हणाली असती, भाऊले याड लागेल शे.

पंचा यांचाच. त्या दिवशी रस्त्याचं डांबर पायाला चिकटत होतं. आमच्याकडे जुनी गाडी असलेला माणूस चैत्र लागला की पंपावर ओलं फडकं गुंडाळतो. नाहीतर पेट्रोलची वाफ होऊन गाडी एरंडोलच्या पुढे माळावर अडकते. तुम्ही बीपीची गोळी घेऊन भर उन्हात निघणार म्हणून हट्टाला पेटलात, तेव्हा यांनी खांद्यावरचा पंचा भिजवून बांधला. तुम्हाला का सांगितलं नाही, असं विचारलं तर म्हणाले, भाऊ तो सोडून टाकतील आणि वर भाषण देतील. भंगाराचं बोलणंही त्याच धास्तीतून आलं होतं.

तुमचं पत्र त्यांना वाचून दाखवलं.  चोकचं वाक्य त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. म्हणाले, चोक ओढल्यावर चालते म्हणजे कुठूनतरी जादा हवा आत शिरते आहे. पंच्याचं टोक त्यांनी कार्बोरेटरच्या बुडाशी असलेल्या रबरी नळीला अडकवलं होतं. पंचा वाळून ताणला असेल आणि नळी सटकली असेल. इंजिन चालू ठेवून नळीच्या जागेवरच्या भोकावर बोट धरा, आवाज सावरला तर तेच. चूक त्यांच्या गाठीची, असंही म्हणाले.

भाऊ, ही घ्या कबुली. तुम्हाला हवी होती तीच आहे का, ते तुम्ही ठरवा. माझी बॅग दाराशीच आहे.

तुमच्या आशीर्वादावर हक्क सांगणारी,
ज्योत्स्ना

धुळे, १७ एप्रिल

चि. ज्योत्स्नास, अ. उ. आ.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी बॉनेटला हात लावला नाही. इतक्या सरळ उत्तराचाही मला संशय आला. दुसऱ्या दिवशी नळी शोधली. सटकलेलीच होती. भोकावर बोट धरलं आणि इंजिन असं शांत झालं, जणू आबा स्वतः स्टिअरिंगवर बसले आहेत. बोट काढलं की थरथर, धरलं की शांत. तुझी वहिनी खिडकीतून पाहत होती. म्हणाली, बोट तिथेच ठेवा, निदान कुणावर रोखलं तरी जाणार नाही.

नळी बसवली. पुरावा धुऊन, इस्त्री करून ठेवला आहे.

आखाजीच्या आधी येतो. निघताना पंचा भिजवून मीच बांधीन, नळीपासून दूर. परतीच्या वेळी ती गाठ योगराजरावांनी सोडून पुन्हा बांधावी. माझ्या गाठीवर माझाच भरवसा नाही. त्यांना सांग, या खेपेला मी जेवून झोपणार नाही. ते बॉनेटमध्ये वाकले की शेजारी उभा राहीन. नजर ठेवायला नव्हे. त्या उन्हात त्यांच्या डोक्यावर कुणीतरी छत्री धरायला हवी.

तुझा,
सुकदेव