मी ओ दिली

सोमवार, ३ तारीख
आले बाई एकदाची! बावीस पायऱ्या, एक ट्रंक, एक काठी आणि मी, सगळे शाबूत पोचलो. मी अक्षरशत्रू, म्हणून करार असा की मी बोलायचं आणि नातीनं लिहायचं. पोरगी मी बोलले तेवढंच लिहिते. मी खोकले की ‘खोकली’ असंही लिहिते. तिला मी मोजपट्टी म्हणते. घ्या, हेही उतरवलं!

लहानपणी डॉक्टर म्हणाले होते, स्वमग्न आहे. स्वतःत कसली मग्न? ती मग्न नळात, पडद्यात, भिंतीवरच्या उन्हात. आपल्याला गलका कसा एक गोळा होऊन ऐकू येतो. तिच्या कानात प्रत्येक आवाज सुटा घुसतो आणि सगळे सारख्याच जोरानं. म्हणून ती सिनेमे काढते. एका वेळी एकच आवाज, अकरा मिनिटं. माणसाचं तोंड औषधालाही दिसत नाही.

माझी लेक, म्हणजे हिची आई, जाऊन वर्ष झालं. पोरगी एकटीच राहते. आता मी आलेय. घर बोलतं करते की नाही बघा.

बुधवार, ५
आज स्वयंपाकघरातल्या नळाचं शूटिंग. नात म्हणाली, कॅमेरा चालू असताना बोलायचं नाही, आत गेलेला आवाज बाहेर येत नाही. मी म्हटलं, मग माझं घोरणं आधी घाल आत, शेजारी दुवा देतील. हसली नाही. ती कधी थट्टा करत नाही, हे मला ठाऊक असून मी विसरते.

मग सिनेमा दाखवला. एक थेंब फुगतो, लोंबतो, तुटतो. आधी जांभई आली. मग पदर डोळ्यांना कधी गेला, कळलंच नाही. जन्मभर नळ वापरला, पाहिला आज.

शनिवार, ८
नळ मुका झालाय. परवा त्याचा आवाज बसला होता, काल कुजबुज, आज पाणी धो धो आणि आवाज शून्य. नळवाला वॉशर बदलून, डोकं खाजवत गेला.

मग मी घरभर फिरले. घड्याळ चालतं, टिकटिक नाही. कडी आपटली, वाजली नाही. नातीला विचारलं तर म्हणाली, यांचेही सिनेमे काढलेत, सांगितलं होतं ना आजी. तीन दिवस लागतात.

रविवार, ९
डोळ्याला डोळा नाही. शेवटच्या वर्षी लेक फोन करायची आणि गप्प बसायची. मी म्हणायचे, तोंडाला कुलूप लावायला फोन केलास का, भवाने? एके दिवशी मीच फोन आपटला. पुन्हा उचलला नाही. ती गेली तेव्हा आमचा अबोला होता.

तिची एक चिठ्ठी आली होती. मला वाचता येत नाही, आणि रागाच्या भरात कुणाकडून वाचूनही घेतली नाही. ट्रंकेच्या तळाशी होती. आज नातीनं वाचली. ‘आई, माझा आवाज गेलाय. डॉक्टरांना घशात काही सापडत नाही. तू बोलत राहा, मी ऐकतेय.’

नात म्हणाली, तिनं काढलेला पहिलाच सिनेमा आईच्या आवाजाचा. आईनंच हट्ट धरला होता. आत गेलेला आवाज परत येत नाही, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. न बोलण्याचा नियम त्यानंतरचा. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, तू विचारलं नाहीस. हेही लिहितेय.

सोमवार, १०
लेकीचा तो सिनेमा विरत चाललाय. म्हणून दुपारी नातीनं भिंतीवर लावला आणि समोर कॅमेरा ठेवून पुन्हा टिपायला घेतला. मला कोपऱ्यात बसवलं, तोंडावर बोट.

नुसतं ऊन. पडद्याची सळसळ. मग लेक. फोनवर, माझ्याशीच बोलत असलेली. आई, ऐकतेस ना? आई?

मी ओ दिली.

कुठली आई देणार नाही? उठताना काठीही आपटली. नातीनं दोन्ही कान झाकले. कॅमेरा चालूच होता.

मंगळवार, ११
घसा बसलाय. नात माझ्या गळ्याला कान लावून ऐकते. रडत नाही, मोजते. मोजपट्टे, तुझी चूक नाही. लिही. पुन्हा लिही. तुझी चूक नाही.

नवी प्रत लावली. आई, ऐकतेस ना? माझी ओ. आणि त्यानंतर लेक म्हणते, मग बोलत राहा ना.

नात म्हणते, हे आधी नव्हतं.

बुधवार, १२
कुजबुज उरलीय. ऐकू येत नाही तिथे नात रेघ मारते. खोलीत मशीन बंद – तरी भिंतीतून लेक – सारखी, आई, ऐकतेस – काठी आपटली, काठीही –

कॅमेरा लाव म्हटलं. नात नको म्हणते. लाव गं. उरलंय तेवढं तिलाच – फुकट भिंतीला कशाला –

गुरुवार, १३
लावला. नात एका हातानं लिहितेय, दुसरा माझ्या –

लेकी, तुझी चिठ्ठी – वाचली – उशीर –

आता तू बोल. मी – ऐकतेय – या वेळी फोन – ठेवणार ना–