चष्म्यासाठी कुणी मरत नाही

५ ऑक्टोबर २०२५, रविवार. लातूर

माझ्या नव्या कादंबरीतली म्हातारी खोटी आहे म्हणे! अकरा कादंबऱ्या झाल्या, प्रत्येकीचं प्रत्येक प्रकरण मी आधी आत्याला वाचून दाखवलं. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण खोटं कुठे आहे ते बरोबर कळतं. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. माझं खोटं पकडायची तिला जुनी सवय.

या वेळचा खून असा, की तो खून आहे हे कुणाला सिद्धच करता येऊ नये. भाचा घरातल्या म्हातारीचा चष्मा लपवतो. ती शोधते, खचते, अंथरूण धरते, मरते. हत्यार नाही, रक्त नाही. मी खूश होतो. आत्या शेंगा सोलत म्हणाली, "चष्म्यासाठी कुनी मरतंय व्हय रे उमा? दुसरा आनंल की!"

"मग कशासाठी मरेल?"

तिने पदराखाली गळ्यातल्या चांदीच्या डबीवर हात ठेवला. आत इष्टलिंग, आम्हा लिंगायतांचा अंगावरचा देव. ती बारा दिवसांची असताना मठातल्या स्वामींनी बांधलेलं, शहात्तर वर्षं तिच्या अंगावर आहे. रोज अंघोळ, मग तळहातावर घेऊन पूजा, मगच पाणी आणि जेवण. "हे गेलं तर घास उतरायचा न्हाई. पर ते कामून जाईल?" आणि पुन्हा शेंगा.

प्रकरण फाडलं. शुक्रवारी नांदेडला शेषेरावला द्यायचं कबूल केलंय. प्रकाशक असला तरी तो वाट बघणाऱ्यातला नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

घेतलं.

ठरवून नाही. निदान इथे तसं लिहून ठेवतो. अंघोळीनंतर तिचा दोरा तुटला. डबी देवघराच्या पाटावर ठेवून ती दारापर्यंत गेली, माझ्या बायकोला हाक मारली, "मंजू, दोरा आन गं!" मी तिथूनच चाललो होतो. अर्ध्या मिनिटाचं काम! माझ्या खोलीत कपाटात, पुस्तकांच्या मागे, चष्म्याच्या जुन्या केसमध्ये ठेवली.

मग शोधाशोध. "उंदरानं नेली असेल," हे मीच म्हणालो आणि टॉर्च घेऊन पलंगाखाली शिरलो. आत्याचे हात थरथरतील असं वाटलं होतं. थरथरले नाहीत. ती पाट उलटा करून बघायची, सरळ ठेवायची, पुन्हा उलटा करायची. रडली नाही. टेबलाशी बसून हे मला जन्मात सुचलं नसतं!

संध्याकाळी परत देतो.

७ ऑक्टोबर, मंगळवार

दिली नाही. कालपासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब नाही. मंजूने सकाळीच मठातल्या स्वामींना बोलावलं. भला माणूस. म्हणाले, "आजी, वस्तू हरवते, भक्ती हरवत न्हाई. मी नवं लिंग देतो, आजच घ्या." आत्या म्हणाली, उद्या बघू. निदान तीर्थाचं पाणी घ्या म्हणून त्यांनी हात जोडले, तेव्हा दोन चमचे घेतले.

मला आधी धास्तीच बसली. नवं घेतलं असतं तर सगळं मुसळ केरात! ती नाही म्हणाली आणि मला हायसं वाटलं. हे वाक्य खोडणार नाही. रोजनिशीत तरी माणसाने खरं लिहावं.

नऊ ते एक दार लावून लिहीत होतो. चौदा पानं. चौदा! एरवी चार होतात.

८ ऑक्टोबर, बुधवार

आज नक्की देणार होतो. पण तिने स्वामींना निरोप पाठवला: "नवं नको. घरातच हाय ते. नेनारा दील." काय वाक्य आहे! जसंच्या तसं घेतलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज मी जे केलं ते आजवर माझ्या कुठल्याही खलनायकाने केलेलं नाही.

आत्या अंथरुणावर पडून होती. मी शेजारी बसलो आणि तिला नवीन प्रकरण वाचून दाखवलं. म्हातारीचं हरवलेलं लिंग, उलटा-सुलटा पाट, तीर्थाचे दोन चमचे, सगळं. भाचा लपवतो तेवढी पानं मात्र वगळली. मंजू भिंतीला टेकून ऐकत होती. वाचून झाल्यावर मी सवयीने विचारलं, "कुठे खोटं वाटतं?" विचारल्यावर कळलं काय विचारलं ते.

आत्या अगदी बारीक आवाजात म्हणाली, "चौथ्या दिशी तोंड लई कडू पडतंय, ते लिही. भूक मरून जाती, पर कानाला लागती. भांडं वाजलं की पोटात कालवतंय." मी वही काढली. ती थांबत थांबत सांगत होती, मी लिहून घेत होतो. शेवटी म्हणाली, "आनि म्हातारीला आठवण येती. लेकरू ल्हान असताना त्याला खाऊ घातलेलं." मी तेही लिहून घेतलं.

खोलीत येऊन थोडा रडलो. मग ती टिपणं प्रकरणात घातली. इतकं अस्सल मी कधीच लिहिलं नव्हतं.

कपाट उघडायची हिंमत होत नाही. उघडलं की द्यावी लागेल.

१० ऑक्टोबर, शुक्रवार. नांदेडहून परतताना, एसटीत

शेषेराव माझ्यासमोर वाचत बसला. चहावर साय धरली तरी हात लावला नाही. "सर, ही म्हातारी तुमाला कुठं भेटली? ते भूक कानाला लागती — अंगावर काटा आला!" मग सुपारी कातरत म्हणाला, "पर मरायलाच पायजे ती. वाचलीबिचली तर मजा न्हाई. मंगळवारी शेवट धाडा."

म्हणजे अजून एक प्रकरण. मरणाचं. ते कुठून आणू?

वाटेत अर्धापूरची केळी घेतली. डझनभर, पिवळीधमक. आत्यासाठी! ती खाणार नाही हे माहीत असताना मी ती निवडून, दाबून बघून घेतली. मला झालंय तरी काय?

११ ऑक्टोबर, शनिवार

केळी तिच्या उशाशी ठेवली, बघून काय करते ते बघायला. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. लिहून घेतलं.

दुपारी मंजू माझ्या खोलीच्या दारात आली. "अहो, आत्या उठत नाहीत. दवाखान्यात न्यायचं का?" सलाईन लावलं की संपलं. माझा शेवट अर्धाच झाला होता.

"सोमवारपर्यंत बघू," मी म्हणालो.

तिने विचारलं, "सोमवारपर्यंत?"

"हो."

ती गेली. बाहेर आलो तर केळी दहाच उरली होती. या घरात मंजूला केळी गोड लागतात! मनातल्या मनात मी तिला निर्दय म्हटलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

सव्वाबाराला म्हातारी मेली. कादंबरीतली. शेवटचं वाक्य लिहून पेन ठेवलं आणि धावत कपाटाकडे गेलो. आता देतो, पुस्तकांमागे सापडली म्हणतो, पायावर डोकं ठेवतो, आयुष्यभर सेवा करतो —

केस रिकामी.

सगळी पुस्तकं खाली काढली. कप्पा हाताने चाचपला. केस उघडली, मिटली, पुन्हा उघडली. किती वेळा ते मोजलं नाही. खरंच उंदराने नेली का? देवा, मी आता तिला काय देऊ? ती मरणार आणि माझ्याकडे परत द्यायलाही काही नाही! बाहेर जाऊन सांगावं असं वाटलं. तोंड उघडलं, पण विचारलं एवढंच, "आत्याला कसं आहे?" मंजू म्हणाली, "तुमचं लिहून झालं का?"

१३ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी आत्या अंघोळ करून देवघरात बसली होती. ताठ. डाव्या तळहातावर लिंग.

मंगळवारी संध्याकाळी माझं कपाट पुसताना मंजूला केस सापडली होती, आतली डबी तिने आत्याला दिली. आत्याने तिला गप्प राहायला सांगितलं: "आपुन होऊन कवा देतो, बघू." रोज नऊ ते एक, मी दार लावून लिहायचो तेव्हा, ती जेवायची.

पूजा आटोपून माझ्याकडे वळली. "म्हातारी मेली का रे तुझी?"

"मेली," मी म्हणालो.

"कडू तोंडाचं काढून टाक. खोटं हाय ते. मला काय म्हाईत? मी जेवत व्हते." मग डबी मिटत, "लेकराचं तेवढं खरं हाय."

मंजूने तीन पानं वाढली. दोघी माझ्याकडे बघत बसल्या, घासाला हात लावेनात.

भूक लागली होती. मी जेवलो.